घोडा दमतो, पण कारण सापडत नाही

प्रश्न : माथेरानला आमचा 9 वर्षांचा घोडा आहे. दोन महिने झाले, गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यावरून चढायला लागला की अर्ध्यातच थांबतो. चंदी नीट खातो, लंगडत नाही, डॉक्टर म्हणाले तब्येत छान आहे. आळशी झालाय का?

उत्तर : आळशी म्हणू नका हो, आणि चाबूक तर अजिबात नको! उभ्या घोड्याला तपासलं तर बऱ्याचदा सगळं नॉर्मलच दिसतं, दोष श्रम पडल्यावरच बाहेर येतो, म्हणून डॉक्टरांना चढ चढून आल्या आल्या तपासायला सांगा. तुम्हीही घरी मोजा, डाव्या कोपराच्या मागे हात ठेवला की ठोके लागतात, आरामात मिनिटाला 28 ते 44 हवेत. ठोके मध्येच चुकतायत, ताल नाहीच असं वाटलं तर ईसीजी काढाच.

नाकपुड्या फुगतात का, खोकतो का, तेही बघा. तुमच्याकडची लाल धूळ आणि बुरशी लागलेलं गवत यानं दमा होतो, आठवडाभर गवत भिजवून द्या. श्वास घेताना घरघर आली तर घशात दुर्बीण घालावी लागेल.

पण माझा पहिला संशय रक्तावर. खालची पापणी ओढून बघा, आतून फिकट किंवा पिवळट दिसली तर गोचिडांमुळे होणारा ताप किंवा चावऱ्या माश्यांमुळे होणारा सर्रा नावाचा रक्ताचा रोग असू शकतो, रक्ताचा नमुना लगेच द्या. तोवर सवारी पूर्ण बंद ठेवा, सीझन असला तरी.