घाटाखाली गाडी घेताना

चि. …यास अनेक आशीर्वाद.

दहा टायरी गाडी घ्यायचं तुझं जवळजवळ ठरलंय, हे पत्रावरून कळलं. हप्ता, डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता सगळं मांडलंस. पण भाडं धरलंस ते कराड ते चिपळूण. चिपळूणहून कराडला जाताना काय भरशील?

आपल्याकडे माल घाट उतरून येतो, चढून फारसा जात नाही. सिमेंट, सळी, किराणा, भाजी सगळं वरून. आपल्याकडून जायचं काय, तर जांभा चिरा आणि लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यांचा माल. त्यातलं केमिकल बरंचसं टँकरनं जातं आणि बाकीचं कंपन्यांच्या ठरलेल्या ट्रान्सपोर्टकडे. आंबा म्हणशील, तर तो मार्च ते मे, वाशीकडे, आणि पेट्यांना पिकअप-आयशर पुरतात. मग रिकामं जाण्यापेक्षा डिझेल तरी सुटेल म्हणून जो तो पडेल भाड्यात भरतो. दलालाला हे आपल्याआधी ठाऊक असतं.

म्हणून हिशेब पूर्ण फेरीचा धर, आणि भागायचा तो दिवसांनी. किलोमीटरनं भागलास की फसलास. मी स्वतः कराडात बरं भाडं मिळेल म्हणून तीन दिवस गाडी उभी ठेवलेली आहे. मिळालं पाचशे जास्त, आणि तेवढ्या दिवसांत दुसरी फेरी झाली असती. (तुझी काकू अजून ऐकवते.)

एक मोह लवकरच येईल: "दोन टन वर टाक, कोण बघतंय." तीन ॲक्सलच्या गाडीचं एकूण वजन २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टन झालं, ते पुरे समज. २०१९ च्या कायद्यात ओव्हरलोडला २० हजार आणि वर प्रत्येक टनाला २ हजार दंड आहे. पण मला दंडाची भीती कमी, कुंभार्ली घाटाच्या उताराची जास्त. हेळवाक सोडलं की पोफळीपर्यंत गाडी गिअरवरच उतरली पाहिजे. ब्रेकवर उतरवलीस तर ड्रम तापून खाली येईस्तोवर पाय रिकामा जायला लागतो. वरचे दोन टन तिथे मोजले जातात.

पावसाळ्याचं वेगळं. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाला, दिवसाला २०० किलोमीटरचा हिशेब, म्हणजे कराड-चिपळूणला एकच दिवस. दरड कोसळून गाडी अडकली की मुदत संपते. वाढवून मिळते, पण संपायच्या आधीच्या नि नंतरच्या आठ तासांतच. तेव्हा रस्ता बंद दिसला की आधी ट्रान्सपोर्टला फोन, मग चहा. आणि गाडी चिपळुणात बाजारपुलाकडे सखलात लावू नकोस. २२ जुलै २०२१ चा पूर तूही बघितलायस.

दहापर्यंत गाड्या असलेल्यानं पॅन आणि लेखी डिक्लेरेशन दिलं, तर भाड्यातून टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापत नाहीत. पहिल्याच बिलाला दे, नंतर परताव्यामागे फिरावं लागतं.

बयाणा दिला नसशील तर थांब. पावसाळ्याचे, जून ते सप्टेंबरचे चार हप्ते बाजूला आहेत का, तेवढं कळव. असतील तर गाडी बघायला मी येतो. चेसिसखाली शिरायला टॉर्च आणि जुना शर्ट घेऊन ये.

तुझा काका