रॉक आयलंड ही ब्लेंडेड माल्ट व्हिस्की खरंच समुद्रासारखी खारट लागते का? कशी प्यावी?

हो, खारटपणा लागतो पण जिभेवर मीठ ठेवल्यासारखा नाही, आधी मधासारखा गोडवा, मग मिरी आणि हलका धूर आणि घोट गिळल्यावर मागून ती खारट चव येते, मला तरी तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो. ग्लासगोच्या डग्लस लेंग कंपनीची ही व्हिस्की 2015 मध्ये रॉक ऑयस्टर नावाने आली, नंतर नाव बदललं. स्कॉटलंडच्या आयला, जुरा, अ‍ॅरन आणि ऑर्कनी या बेटांवरचे सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की) एकत्र करून बनवतात, ग्रेन व्हिस्की (गहू, मका अशा इतर धान्यांपासूनची) अजिबात नसते, त्यामुळे नेहमीच्या ब्लेंडेड स्कॉचशी तुलना करू नका. धूर येतो तो बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर सुकवल्यामुळे.

प्यायची अशी:
- तोंडाशी निमुळता ग्लास घ्या, आधी नुसता वास घ्या, नाक आत खुपसू नका
- पहिला छोटा घोट नुसता, पाणी न घालता
- मग पाण्याचे चार-पाच थेंब, कारण 46.8 टक्के अल्कोहोल आहे आणि पाण्याने लिंबाच्या सालीसारखा वास मोकळा होतो
- बर्फ नको, थंड झाली की वास दबतो आणि मग एवढे पैसे घालून उपयोग काय

फक्त एक, समुद्राच्या हवेमुळेच मीठ पिंपात उतरतं असं सरसकट सांगतात ते धरून चालू नका, बरीचशी स्कॉच बेटावर गाळली तरी मुरते स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या गोदामात. आणि धूरच भरपूर हवा असेल तर डग्लस लेंगचीच बिग पीट घ्या, त्यात सगळे माल्ट आयलाचेच आहेत.