९९ ला ‘एकोणशंभर’ का म्हणत नाहीत?

कोल्हापुरातून आलेला प्रश्न : महाद्वार रोडला कांदा-लसूण चटणीच्या पाकिटावरचा ‘९९’ हा भाव दुसरीतल्या मुलीने ‘एकोणशंभर’ असा वाचला. एकोणनव्वद चालतं, मग हे का नको?

अर्थाने ती चुकलेली नाही. एकोण म्हणजे एक + ऊन, एकाने उणे. एकोणीस ते एकोणनव्वद सगळे त्याच साच्यातले. संस्कृतात ९९ साठी नवनवति आणि एकोनशत अशी दोन्ही रूपं होती; मराठीत रुळलं ते पहिलं, त्याचंच नव्व्याण्णव झालं. ८९ मात्र अजून दोन्हीकडे आहे : एकोणनव्वद आणि नव्व्याऐंशी. हिंदी-गुजरातीत ८९ लाही नऊवालंच रूप चालतं, नवासी आणि नेव्यासी. (फोनवर नंबर सांगताना नव्व्याऐंशी टाळावं. घाईत ऐकणारा नव्व्याण्णव लिहून घेतो. ‘आठ नऊ’ म्हणावं.) तेव्हा परीक्षेत नव्व्याण्णवच लिहायचं, दोन्ही जोडाक्षरं नीट काढून. शंभराच्या पुढे कुणी ‘एकोणदोनशे’ म्हणत नाही. बोलताना ‘एक कमी दोनशे’ म्हणतात.

गंमत अशी की शब्द नव्वद अधिक नऊ सांगतो, पण ९९ चं गणित सगळं त्या मुलीच्या ‘एकोणशंभर’वरच चालतं. अशी ४७ पाकिटं घेतली तर ४७०० उणे ४७, म्हणजे ४६५३ रुपये. याचाच तोंडी आडाखा : ४७ मधून एक काढा, ४६, शंभरला ४७ किती कमी, ५३, शेजारी शेजारी ठेवा. चूक होते ती शंभराच्या वर. २४७ पाकिटांना एक नाही, तीन काढायचे, कारण शेकडे दोन आहेत आणि शिवाय हातचा एक. २४४ आणि ५३, म्हणून २४४५३. शेवटी दोन शून्यं असतील तर आडाखा सोडून सरळ वजाबाकी करावी.

९९ ने भाग जातो का, हेही तसंच. शंभराला ९९ ने भागलं की बाकी एक उरते, म्हणून शेकडा हा बाकीपुरता एकच धरता येतो. संख्येच्या उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडून बेरीज करायची. ४१६७९ : ७९ + १६ + ४ = ९९, भाग जातो, उत्तर ४२१. डावीकडून जोड्या पाडल्या तर ४१ + ६७ + ९ = ११७ येतात आणि ‘जात नाही’ असं खोटंच उत्तर मिळतं. अंकांची संख्या विषम असली की बहुतेकांची चूक इथेच होते.

आणि वर्ग. (१०० − १)² = १०००० − २०० + १ = ९८०१. दोन तुकडे करा : ९८ + ०१ = ९९, मूळ संख्याच परत आली. अशा संख्यांना देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्यावरून ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ४५ (वर्ग २०२५) आणि ५५ (३०२५) याच कुळातल्या. आपल्या जुन्या बाजारी वाचनात तर ही फोड आयतीच ऐकू येते. ९८०१ म्हणजे ‘अठ्ठ्याण्णवशे एक’.