वाचकांचे प्रश्न : जर्मन टपाल खात्याची डीएचएल कशी झाली?

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत शिकते. तिच्या घरी पत्रे आणणाऱ्या पोस्टमनच्या सायकलीवर टपालाचे शिंग रंगवलेले असते आणि तिने आम्हाला पाठवलेले पार्सल मात्र डीएचएलचे असते. दोन्ही एकाच कंपनीची असल्याचे ती सांगते. सरकारी टपाल खाते जगभर माल वाहणारी कंपनी कसे झाले, आणि तिथल्या खेड्यांतील टपालाचे काय झाले?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपली मुलगी सांगते ते खरे आहे. पश्चिम जर्मनीत पत्रे, तार-दूरध्वनी आणि टपाल बचत बँक हे सारे ‘बुंडेसपोस्ट’ या एकाच सरकारी खात्याकडे होते. १९८९मध्ये त्याचे तीन भाग करण्यात आले. पुढच्याच वर्षी दोन्ही जर्मनी एक झाल्यामुळे पूर्वेकडील टपालव्यवस्थाही या खात्यात आली. दोन्हीकडचे चार आकडी पिनकोड एकमेकांशी जुळू लागल्याने १९९३मध्ये देशभर पाच आकडी पिनकोड लागू करावे लागले. १९९४मध्ये राज्यघटना दुरुस्त झाली आणि १ जानेवारी १९९५ रोजी पत्रे व पार्सले पाहणाऱ्या भागाची ‘डॉइचे पोस्ट’ ही कंपनी झाली. खात्यातील जुन्या कर्मचाऱ्यांचा सरकारी नोकराचा दर्जा मात्र घटनेनेच राखला.

डीएचएल मुळात जर्मन नाही. १९६९मध्ये डाल्सी, हिलब्लॉम आणि लिन या तिघांनी सॅन फ्रान्सिस्कोत ती सुरू केली. नाव त्यांच्याच आद्याक्षरांचे. जहाज बंदराला लागण्याआधीच त्यावरील मालाची कागदपत्रे विमानाने होनोलुलूला पोहोचवायची, म्हणजे जकातीचे काम आधीच उरकून माल धक्क्यावर अडकून पडत नाही, एवढ्या साध्या कल्पनेवर तो धंदा उभा राहिला. डॉइचे पोस्टने १९९८पासून तिचे समभाग घेण्यास सुरुवात केली आणि २००२मध्ये ती पूर्ण ताब्यात घेतली. मधल्या काळात स्वित्झर्लंडची डान्झास ही मालवाहतूक कंपनी डॉइचे पोस्टकडे आली आणि २००५मध्ये ब्रिटनची एक्सेल ही तशीच कंपनी. डॉइचे पोस्टचे समभाग २०००च्या नोव्हेंबरमध्ये शेअर बाजारात आले.

ही खरेदी चालू असताना जर्मनीतील साध्या पत्रांची मक्तेदारी कंपनीकडेच होती. ती संपली १ जानेवारी २००८ रोजी. प्रतिस्पर्ध्यांची तक्रार नेमकी हीच होती की, पत्रांच्या सुरक्षित नफ्यावर पार्सलांचा तोटा भरून काढला जातो. युरोपीय आयोगाने २००१मध्ये कंपनीला २.४ कोटी युरोंचा दंड केला. पुढच्या वर्षी ५७.२ कोटी युरोंची सरकारी मदत परत करण्याचा आदेश झाला, पण तो न्यायालयात टिकला नाही. तरीही माझे मत असे की, हे यश निव्वळ खासगीकरणाचे म्हणून सांगणे अपुरे आहे. मक्तेदारीच्या आडोशाने मिळालेली तेरा वर्षे हिशेबात धरलीच पाहिजेत. आडोसा नसलेल्या ठिकाणी याच कंपनीने सपाटून मार खाल्ला. अमेरिकेतील देशांतर्गत सेवेसाठी तिने २००३मध्ये एअरबोर्न ही तिथली कुरिअर कंपनी विकत घेतली आणि २००८मध्ये ती सेवा बंद करण्याची घोषणा केली. या सेवेचे मुख्य विमान-केंद्र ओहायोतील विल्मिंग्टन या छोट्या गावात होते; त्या गावाचा रोजगारच त्यामुळे बुडाला.

खेड्यांविषयीची आपली काळजी मला अधिक महत्त्वाची वाटते. देशभर पुरेशी टपालसेवा मिळेल याची हमी जर्मन राज्यघटनेचे कलम ८७-फ सरकारवर टाकते. दोन हजारांहून अधिक वस्तीच्या गावात टपालाचे केंद्र असलेच पाहिजे. ते आता बहुधा एखाद्या दुकानाच्या कोपऱ्यात असते. वेग मात्र घटला आहे. पूर्वी ९५ टक्के पत्रे दुसऱ्या कामाच्या दिवशी पोहोचवण्याचे बंधन होते, २०२५पासून ते तिसऱ्या दिवसावर गेले आहे. म्हाताऱ्या माणसांच्या पत्रांना लागणारा हा एक दिवस मला क्षुल्लक वाटत नाही.

प्रश्न : मग आपली ब्लू डार्ट हीदेखील त्यांचीच का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : होय. १९८३मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या कंपनीचे बहुसंख्य समभाग डीएचएलने २००४-०५मध्ये घेतले. मात्र ब्लू डार्टची नोंदणी मुंबईच्या शेअर बाजारात आजही स्वतंत्र आहे.