‘चालेल का?’ असं विचारणाऱ्या खरेदीदाराला

प्रिय मित्रा,

नेटवर्कचे वापरलेले स्विच आणि राउटर ऑनलाइन विकायला काढलेस आणि आता खरेदीदारांच्या प्रश्नांनी बेजार झालास, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. त्रासून जाऊ नकोस. इतक्या बारकाईनं विचारणारा माणूस बहुतेक वेळा घ्यायच्या बेतात असतो.

एक सवय आधी अंगी बाणव. स्वतः तपासलेलं, डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) वाचलेलं आणि ठाऊक नसलेलं, या तीन गोष्टी उत्तरात कधी मिसळू नकोस. ‘सगळे पोर्ट चालू आहेत’ असं तू जाहिरातीत लिहिलंयस. ते तपासलेस कसे? नुसता दिवा लागला म्हणजे पोर्ट तपासून झाला असं होत नाही. त्यापेक्षा असं लिही: ‘चोवीसही पोर्ट गिगाबिटवर लिंक झाले, डेटा पाठवून पाहिला, सीआरसी एरर (वाटेत डेटा बिघडल्याची नोंद) आली नाही. पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याची सोय) पहिल्या चार पोर्टवरच तपासलं आहे.’ शेवटचं वाक्य लिहायला जड जाईल, पण त्याच्यामुळेच आधीच्या वाक्यांवर विश्वास बसतो.

आता ‘यावर माझे कॅमेरे चालतील का?’ हा प्रश्न. याला हो किंवा नाही म्हणून मोकळा होऊ नकोस. कॅमेरे किती, प्रत्येकाला किती वॅट लागतात आणि ते कोणतं पीओई मागतात, हे उलट विचार. ८०२.३एएफ या पीओईच्या मानकात स्विच एका पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत देतो, ८०२.३एटीमध्ये ३० वॅटपर्यंत. केबलमधली घट धरून उपकरणाला अनुक्रमे १२.९५ आणि २५.५ वॅट मिळतील असं धरायचं. पण २४ पोर्ट आहेत आणि प्रत्येकावर ३० वॅट मिळतात, म्हणजे एकाच वेळी ७२० वॅट मिळतील असं मुळीच नाही. स्विचचं एकूण बजेट ३७० वॅटचं असेल तर तेवढ्यातच सगळं भागवावं लागतं. काही जुनी उपकरणं २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर चालतात. त्यांना या मानकांचा स्विच वीज देणारच नाही. हे तू आधी सांगितलंस तर एखादी विक्री हातची जाईल, पण पार्सल परत येणार नाही.

मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर वाचून टाईप करत जा. सिस्कोच्या २९६०-एक्स मालिकेत ‘२४पीएस-एल’ला चार एक-गिगचे (सेकंदाला एक गिगाबिट वेगाचे) एसएफपी पोर्ट, म्हणजे मॉड्यूल बसवायच्या खाचा, आहेत आणि ‘२४पीडी-एल’ला दोन दहा-गिगचे एसएफपी प्लस. फरक एका अक्षराचा, आणि खाचा दिसायला सारख्याच. ‘दहा गिग चालेल का?’ असं कुणी विचारलं की फोटोवरून उत्तर देऊ नकोस. मागचं लेबल वाच, कन्सोल केबलनं कॉम्प्युटर जोडून ‘शो इन्व्हेंटरी’ या कमांडचं आउटपुट घे आणि तेच पाठव. त्यातला सिरीयल नंबर जाहीर फोटोत मात्र झाकून ठेव. खरा गिऱ्हाईक वाटला तर खाजगीत द्यावा.

पंख्याच्या आवाजाबद्दल विचारलं तर ‘फारसा नाही’ असं म्हणू नकोस. स्विच चालू करून मिनिटभराचा व्हिडिओ पाठव, पुढचं त्यानं ठरवावं.

मला सगळ्यात काळजी वाटते ती लायसन्स आणि मालकीच्या प्रश्नांची. क्लाउडवरून चालणारं उपकरण आधीच्या मालकाच्या खात्यात अडकलेलं असेल तर नव्या माणसाला त्याचा काही उपयोग नसतो. मेराकीचं (सिस्कोच्या क्लाउडवरून चालणाऱ्या मालिकेचं) उपकरण तर जुन्या संस्थेनं आपल्या खात्यातून मोकळं करायला हवं, आणि नव्या मालकाला वेगळं लायसन्सही लागतं. रीसेटचं बटण दाबून यातलं काहीच सुटत नाही. म्हणून माल घेतानाच विचारत जा, आणि ‘लायसन्ससह’ हा शब्द जाहिरातीत सहज म्हणून टाकू नकोस. जुन्या मालकाचा पासवर्ड आणि व्हीलॅनही (नेटवर्कचे पाडलेले वेगळे भाग) पुसून टाक. सिस्कोच्या कॅटलिस्ट स्विचवर नुसती ‘राईट इरेज’ ही कमांड पुरत नाही, फ्लॅश मेमरीमधली व्हीलॅनची फाईल वेगळी काढावी लागते.

कधी एखादा खरेदीदार तुझ्यापेक्षा जास्त जाणकार निघेल. तुझ्या यादीत सिस्कोचा आयएसआर ४३३१ राउटर आहे, म्हणून सांगून ठेवतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये सिस्कोनं जाहीर केलं की काही उपकरणांमधला क्लॉक सिग्नलचा (आतल्या कामांची वेळ जुळवणारा) एक भाग साधारण १८ महिन्यांच्या वापरानंतर निकामी होऊ शकतो, आणि तसं झालं की उपकरण पुन्हा सुरूच होत नाही. हे मॉडेल त्या उपकरणांमध्ये आहे. नंतर तयार झालेल्या नगांमध्ये ही अडचण दूर केलेली आहे. तेव्हा खरेदीदारानं याबद्दल विचारलं तर ‘आज व्यवस्थित चालतोय’ एवढ्यानं उत्तर होत नाही. तो राउटर जाहिरातीतून तूर्त काढ आणि मागच्या लेबलचा स्पष्ट फोटो मला पाठव. नग कोणत्या काळातला आहे ते आपण सिस्कोच्या सूचनेशी ताडून पाहू, मग वर्णन लिही.

तुझा,
दादा