ताजसमोरची गर्दी आणि अडखळणारी बोटं

"ताई, बावीस वर्षांनी माहेरचा पियानो माझ्याकडे आला. लग्नाआधी सहज वाजवायचे त्या तुकड्यातसुद्धा आता अडखळते. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं आग्र्याला जातोय. मागच्या खेपेला प्रत्येक फोटोत माणसंच माणसं, हे वैतागले, मला रडू आलं. या वयात हे छंद सोडून द्यावेत का?"

अजिबात सोडू नका. आधी आग्रा, कारण दिवस थोडे उरलेत.

ताज शुक्रवारी बंद असतो. इतर दिवशी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो आणि तिकीट तीन तास चालतं, तेव्हा ते आधीच ऑनलाइन काढून पहाटे रांगेत लागा. आत शिरताच सगळे कमानीत थांबतात. तुम्ही थांबू नका, तडक मधल्या संगमरवरी हौदापाशी जा. ट्रायपॉड नेऊ देत नाहीत, म्हणून कोपर अंगाशी घट्ट धरा आणि एकाच जागेवरून दहा-दहा सेकंदांनी पंधरा फोटो घ्या. पांढऱ्या संगमरवराला कॅमेरा फसतो, ताज करडा दिसतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, थोडं वाढवा. घरी फोटोशॉपमध्ये सगळे एकावर एक ठेवून 'मीडियन' निवडा, म्हणजे प्रत्येक जागी सगळ्या फोटोंतला मधला रंग घेतला जातो. जी जागा निम्म्याहून जास्त फोटोंत रिकामी असते, ती स्वच्छ होते. चालणारी माणसं नाहीशी होतात, बाकावर ठाण मांडलेली राहतात.

यजमानांना मात्र आदल्या रात्रीच सांगा: पहिला अर्धा तास माझा, मग कॅमेरा पिशवीत. मुख्य कबरीपाशी फोटोला बंदीच आहे, तिथं दोघं निवांत फिरा.

आता पियानो. इतकी वर्षं न वाजलेल्या वाद्याच्या तारा उतरलेल्या असतात. त्या सुरात ओढल्या की काही दिवसांत पुन्हा थोड्या उतरतात, म्हणून ट्यूनिंग दोनदा करावं लागतं.

रोज वीस मिनिटं बसा. रविवारी एकदम दोन तास नको. स्टूल असं ठेवा की कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल. सुरुवात सी मेजर या सोप्या सप्तकाने, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला एक सूर. मधल्या बोटाखालून अंगठा सरकवताना कोपर बाहेर फेकलं जातं आणि तो सूर धप्पकन वाजतो. तसं झालं की वेग आणखी कमी करा. अनामिका सगळ्यात उशिरा ऐकते, तिला जोर लावू नका.

तुमचं अडखळणं मला नीट कळतं. कानाला जुना वेग आठवतो, बोटांना नाही. आपण चुकलो की पहिल्यापासून सुरू करतो आणि त्याच ठिकाणी पुन्हा चुकतो. सराव होतो तो चुकीचाच. तेवढीच ओळ घ्या, पुढच्या ओळीच्या पहिल्या सुरापर्यंत. एकेक हात, निम्म्या वेगाने. सलग तीनदा बिनचूक आलं की मेट्रोनोम चारने वाढवा. मनगट दुखलं तर त्या दिवशी झाकण बंद.

ट्यूनरला आजच बोलवा. तुम्ही आग्र्याला असाल तेवढ्यात तारा स्थिरावतील, दुसरं ट्यूनिंग परत आल्यावर.