इंग्लंडमध्ये जुनी छोटी कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन नीट करून घ्यावी का? खर्च किती येतो?

घ्या. फक्त पडद्यांचं कापड बघायच्या आधी कोपरे दाबून बघा, आत ओल आहे का ते.

आम्ही 2018 मध्ये 1999ची चार जणांची कॅरव्हॅन 1,600 पौंडांना घेतली. आत नवाकोरा वॉलपेपर आणि लव्हेंडरचा घमघमाट. मला तेव्हाच खटकलं. नवरा म्हणाला, माणूस सज्जन वाटतो, राहू दे.

तीन सहलींनंतर पुढच्या खिडकीखाली कागद फुगला. तेव्हा पुण्याहून आलेले दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्या फोडण्यांची वाफ आहे ही." नवऱ्यानेही मान डोलावली. तो कागद मी स्वतः सोलला. आतला प्लाय चहात बुडवलेल्या खारीसारखा, मागच्या लाकडी पट्ट्या काळ्याठिक्कर. ओल वरून खाली उतरलेली. छताच्या कडेला ऑनिंग (बाजूला लावायचा तंबू) सरकवायची ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिच्याखालचं सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, वाळून तडकलं होतं. ओटा मागच्या टोकाला, ओल पुढच्या. वाफेचा काय संबंध? स्वयंपाकाची वाफ काचांवर धरते, फडक्याने पुसली की झालं. लाकूड कुजवतं ते शिवणींतून झिरपणारं पावसाचं पाणी.

उन्हाळा दुरुस्तीत गेला. पट्टी उतरवली, सीलंट खरवडलं, ब्युटाइलची चिकट रबरी टेप लावून नवे स्क्रू बसवले, मग आतलं लाकूड. सामानाला 700 पौंड लागले, मजुरी आमचीच. सप्टेंबरात व्हिटबीला गेलो. पहाटे समुद्रासमोर मी पोहे केले, फोडणी देऊन, आतच.

ओल मोजायचं यंत्र स्वस्तात मिळतं. 15 टक्क्यांच्या आत ठीक, 20च्या वर असेल तर दुसरी बघा. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा: आठवडा आणि साल. सात वर्षं झाली असतील तर बदलाच. नवीन घेतली की ओल येत नाही, हेही मला ऐकवलं गेलं. सीलंट कच्चं राहिलं तर नवीही गळते.

हो, एक राहिलं. 16 डिसेंबर 2021पासून साध्या कार लायसन्सवर 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, पण तुमच्या गाडीची ओढायची मर्यादा बहुधा त्याहून बरीच कमी असेल, ती आधी बघा. आणि गॅस आत वापरणार असाल तर थंडी लागते म्हणून तळाची हवेची भोकं कुणालाही बुजवू देऊ नका. आमच्याकडे तोही प्रयत्न झाला होता.